कार्ड होतं, नाव नव्हतं

१३ मे २०२४, लोकसभेचं मतदान. सकाळी सव्वासातला आम्ही दोघं पुण्यात, पेठेतल्या जुन्या शाळेच्या फाटकाशी पोचलो. चार वर्षांपूर्वी आम्ही सिंहगड रस्त्याला राहायला गेलो, पण नावं पेठेतच राहिली होती. मतदानाच्या दिवशी वाड्यातली जुनी माणसं भेटतात, म्हणून ती तिथंच बरी, असं वाटायचं. ह्यांना खोलीचा नंबर मिळाला आणि ते रांगेत गेले. माझं नाव सापडेना. टेबलावरच्या मुलानं यादी दोनदा चाळली, मोबाइलवर शोधलं, शेवटी आत जाऊन विचारून आला.

"काकू, तुमचं नाव वगळलंय."

मी ओळखपत्र पुढं केलं. तोच चेहरा, तेच नाव, तोच पत्ता. केंद्राध्यक्ष बाईंनी ते हातात घेतलं, नीट पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. "कार्डावरून तुम्ही कोण ते कळतं. मत यादीवर असतं," त्या म्हणाल्या. यादीत माझ्या नावाच्या चौकोनावर तिरका शिक्का होता. १९९५च्या विधानसभेपासून मी एकही मतदान चुकवलं नव्हतं. परत येताना स्कूटरच्या हँडलवर ह्यांच्या बोटाची शाई दिसत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

राग आला होता. नियमाप्रमाणे नाव वगळण्याआधी मतदाराला कळवायचं असतं. आम्हाला काहीच मिळालं नव्हतं. पत्र निघालंच असेल तर ते जुन्या पत्त्यावर गेलं असणार, आणि वाडा आता पाडलाय. चार वर्षं पत्ता न बदलण्यात माझीही चूक होती, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

मग ४ जूनचा निकाल. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात एका उमेदवाराला ४,५२,६४४ मतं, दुसऱ्याला ४,५२,५९६. फरक ४८. आमच्या सोसायटीच्या एका विंगेत याहून जास्त मतदार राहतात. माझा मतदारसंघ तो नव्हता, माझ्या एका मतानं तिथं काही बदललं नसतं. पण त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी एवढंच मोजत होते, की माझ्यासारखी फाटकावरून परत गेलेली किती माणसं त्या एका मतदारसंघात असतील.

विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होणार हे ठरल्यासारखंच होतं. म्हणजे हातात चार-पाच महिने होते.

दुसऱ्या दिवशी निवडणूक आयोगाच्या १९५० या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार चांगलं समजावून सांगितलं. पत्ता बदलला असेल आणि नाव अजून जुन्या यादीत असेल, तर फॉर्म ८. नाव वगळलं गेलं असेल किंवा मुळात नसेलच, तर फॉर्म ६. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलं की फॉर्म ६ भरायला लागायचा, आणि जुनं नाव काढून टाकायची खटपट वेगळी. २०२२च्या ऑगस्टपासून स्थलांतरालाही फॉर्म ८च चालतो. म्हणजे एकाच घरात ह्यांचा फॉर्म ८ आणि माझा फॉर्म ६. तिसरा अर्ज लेकीचा. तिला जूनमध्ये अठरा पूर्ण झाली. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असलेल्यांचीच त्या वर्षी नोंद व्हायची. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. जुन्या नियमात ती पुढच्या वर्षापर्यंत लटकली असती. १ जुलैच्या तारखेनं ती याच विधानसभेला पात्र झाली.

एका संध्याकाळी तिघांचे अर्ज मोबाइलवरच भरले. ह्यांचा परत आला, कारण लाइट बिलाचा फोटो अस्पष्ट होता. पुन्हा भरला. माझं वेगळंच झालं. अर्ज भरताना इंग्रजीत नाव टाइप केलं की बाजूला मराठी आपोआप उमटतं. इंग्रजीत 'ल' आणि 'ळ' एकच. माझ्या आडनावातला 'ळ' तिथं 'ल' झाला, आणि गडबडीत मी 'पुढे' दाबलं. ऑगस्टमध्ये प्रारूप यादी लागली तेव्हा ते लक्षात आलं. एका अक्षरासाठी पुन्हा फॉर्म ८. एवढ्यानं मतदान अडत नाही असं सगळे सांगत होते. पण एकदा फाटकावरून परत आलेल्या बाईला हे सांगून उपयोग नसतो.

अर्जांनंतर बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या अधिकारी, आल्या. आमच्या भागाच्या बीएलओ एका शाळेत शिक्षिका आहेत. शाळा सुटल्यावर, खांद्याला पिशवी, पिशवीत यादीचे गठ्ठे. मी पाणी दिलं, तशा त्या खुर्चीत टेकल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही दार उघडलंत." मोठ्या सोसायट्यांत वॉचमन आत सोडत नाही, म्हणाल्या. सोडलं तर दारं बंद. दिवसा सगळे कामावर, संध्याकाळी गेलं तर साखळी लावलेल्या फटीतून 'आत्ता नको.' ज्या घरी गेल्या त्याला कुलूप असलं, शेजाऱ्यांना माहीत नसलं, की शेवटी 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. माझं पेठेतलं नाव असंच गेलं असेल. त्या बाईंचा यात काहीच संबंध नव्हता, तरी "तुमचं मत गेलं याचं वाईट वाटलं," असं त्या म्हणाल्या. हे मला या सगळ्या काळात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं.

त्यांना म्हटलं, "एक रविवार द्या. मी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावते."

तो रविवार ऑगस्टातला. दोन टेबलं, एक एक्स्टेंशन बोर्ड, लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाइल घेऊन बसल्या, बीएलओ मॅडम यादी घेऊन. सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी दोनपर्यंत. आपल्या शेजाऱ्यांना मतदानाबद्दल काय काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त गैरसमज भाडेकरूंचा. "आम्ही भाड्यानं राहतो, इथं नाव कसं येणार?" असं म्हणून कितीतरी जण जिन्यातूनच परत निघाले होते. मत घराच्या मालकीवर नसतं. माणूस नेहमी जिथं राहतो तिथं त्याचं नाव. नोंदवलेला भाडेकरार चालतो, त्या पत्त्याचं बँकेचं पासबुक चालतं. एक आयटीतलं जोडपं नऊ वर्षं पुण्यात राहत होतं आणि दोघांनी एकदाही मतदान केलेलं नव्हतं, केवळ या एका समजुतीपायी. त्यांचे अर्ज भरून झाल्यावर तो मुलगा बराच वेळ तिथंच उभा राहिला, दुसऱ्यांचे फॉर्म भरायला मदत करत.

उलट्या बाजूची माणसंही आली. "गावाला पण आहे, इथं पण आहे, असू दे की दोन्हीकडं." हसत सांगत होते. मी हसू शकले नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण मला त्याहून खुपलं ते असं, की माझं एकमेव नाव गेलं आणि यांच्याकडे एक जास्तीचं पडून आहे. दोघांनी तिथल्या तिथं गावचं नाव काढायचा अर्ज केला. एक जण रागावून निघून गेला. चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांचं नाव यादीत तसंच होतं. त्यांच्या मुलानं नाव काढायचा फॉर्म ७ भरला. भरताना त्याला आईच्या नावापुढं कारण म्हणून 'मृत्यू' निवडायचं होतं. त्याचं बोट तिथं थबकलं. कुणी घाई केली नाही.

आणि आमच्या मावशी. घरकामाला येतात, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. मी उत्साहानं म्हटलं, "मावशी, तुमचंही नाव इथं आणू या. बारा वर्षं झाली इथं राहताय." त्या फरशी पुसता पुसता थांबल्या. "नको ताई. माझं मत गावालाच राहू द्या. तिथं दीर-जावा ऊस तोडायला गेल्या की मागं म्हातारी माणसंच. मी दिवाळीला गेले नाही तरी मतदानाला जाते, म्हणून सरपंच अजून ओळख देतो." मी त्यांना नियम सांगितला, की जिथं राहतो तिथं नाव असावं. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांचं वर्ष गाव आणि पुणं असं वाटलेलं आहे. शेत तिथं, रेशनकार्ड तिथं, आजारपणात परत जायची जागाही तीच. मी पुढं बोलले नाही. ऊसतोडीला गेलेल्या लाखो माणसांचं मत असंच अंतरात अडकतं. यंदा तर मतदान आणि गळीत हंगाम नोव्हेंबरात हातात हात घालून आले. कारखान्याच्या फडातून गावाकडं यायचं म्हणजे मजुरी बुडवून, भाडं खर्चून. माझी अडचण एका फॉर्मनं सुटली. त्यांची तशी सुटत नाही, आणि याला काहीतरी सोय झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मतानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना त्या रविवारी मी एकच उत्तर देत होते: मत नसताना काय होतं ते बघा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून २०२४ संपत आलं तरी निवडणूकच झाली नव्हती, त्यामुळे नगरसेवकही नव्हते. अडीच वर्षांहून जास्त काळ प्रशासक कारभार बघत होते. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की पूर्वी एक दार ठोठावता यायचं. आवडता असो वा नावडता, त्या माणसाला पुन्हा आमच्याकडं यायचं असायचं. ते दारच उरलं नव्हतं. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावर नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, लोकांचे संसार चिखलात गेले. त्या दिवशी बायका एकमेकींना विचारत होत्या, आपला माणूस कोण? वॉर्डाचा आपला माणूस नव्हताच.

अजून एक गोष्ट मला या वर्षीच समजली. निकालानंतर फॉर्म २० नावाचा तक्ता जाहीर होतो. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, हे त्यात आकड्यांत असतं. तुम्ही कुणाला मत दिलं ते कुणाला कळत नाही, पण तुमच्या केंद्रावर किती जण आले ते सगळ्या पक्षांना कळतं. ज्या केंद्रावर निम्मी माणसं घरी बसतात, त्या भागाच्या टँकरसाठी कुणी जिवाचं रान करेल असं मला वाटत नाही. आमच्या बाजूच्या बंगल्यांत हे सांगितलं, तेव्हा लोक जरा सावरून बसले.

ऑगस्टअखेर अंतिम यादी आली. तिघांची नावं एकाखाली एक. माझा 'ळ' जागेवर. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट माहेरच्या ग्रुपवर टाकला, तर भावानं विचारलं, "काय, लॉटरी लागली काय?" मी त्याला त्याचं नाव तपासायला लावलं.

१५ ऑक्टोबरला घोषणा झाली: एकाच टप्प्यात २८८ जागा, मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ला. उमेदवारांनी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती, आणि त्याच्या दहा दिवस आधी नावनोंदणी थांबते. म्हणजे घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात चारच दिवस होते. रविवारी टेबलाकडं न आलेले तीन शेजारी त्या चार दिवसांत माझ्याकडं धावत आले. दोघांचं झालं.

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ८९. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. मे महिन्यात खुर्चीवरून उचलून नेऊ म्हटलं तर त्यांनी ऐकलं नव्हतं. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, त्यासाठी १२-ड हा फॉर्म. तो अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. अधिसूचना २२ ऑक्टोबरची होती. बीएलओ मॅडमनी स्वतः फॉर्म आणून दिला. सही करण्याआधी अण्णांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मग केंद्रावर जाता येणार नाही?" नाही. एकदा घरून द्यायचं ठरलं की यादीत तशी खूण होते. त्यांनी जरा वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग सही केली.

आठवडाभरापूर्वी पथक आलं. आधी फोन करून वेळ कळवली होती. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओ घेणारा. त्यांनी ओळख तपासली, पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा केला. अण्णांनी सकाळीच दाढी करून पांढरा सदरा घातला होता. आम्ही भोवती उभे होतो. ते म्हणाले, "सगळे स्वयंपाकघरात जा." ह्यांनी म्हटलं, "अण्णा, काही लागलं तर..." "काही लागत नाही. मत गुप्त असतं." आम्ही गेलो. दाराआडून मतपत्रिकेच्या घडीचा आवाज तेवढा ऐकू आला. पाकिटात पाकीट घालून, चिकटवून, सही करून पथक गेलं. दाराशी त्या कर्मचाऱ्यांनी अण्णांना नमस्कार केला.

रात्री नातीला जवळ बसवून त्यांनी पहिलं मतदान सांगितलं. १९५७, सातारा जिल्ह्यातलं गाव, संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. वयाची अट एकवीस होती. "आम्ही चार मैल चालत गेलो. माझी आई पहिली, मी तिच्या मागं," ते म्हणाले. नात विचारत होती, की पणजीला वाचता येत होतं का. नव्हतं. तिनं चिन्ह पाहून पेटी ओळखली.

चिन्हावरून आठवलं. लोकसभेला साताऱ्यातच 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि 'तुतारी' म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी, या दोन चिन्हांत मतदारांचा गोंधळ झाला अशी मोठी तक्रार होती. म्हणून मी लेकीला सांगितलं, नुसतं चिन्ह बघू नकोस. यंत्रावर नाव असतं, फोटो असतो, तिन्ही जुळव. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागेल. मग शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी दिसेल, सात सेकंद. ती वाचल्याशिवाय हलायचं नाही. बीप ऐकायचा. मोबाइल घरी ठेवायचा. मतदार चिठ्ठी चालत नाही ओळख म्हणून, कार्ड किंवा आधार लागतं.

तिनं मला त्याहून अवघड प्रश्न विचारला: "मत द्यायचं कुणाला, हे कसं ठरवायचं?" मी कुणाचं नाव सांगितलं नाही. गेल्या रविवारी जेवणानंतर आम्ही दोघींनी आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं उघडली. आयोगाच्या संकेतस्थळावर ती सगळ्यांना बघता येतात. शिक्षण, मालमत्ता, नवरा-बायकोच्या नावावर काय, सरकारची देणी किती, गुन्हे कुठले. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हापासून हे कागद आपल्या हातात आलेत. आणि आपण ते उघडत नाही! लेकीनं वहीत रकाने पाडले. एका उमेदवाराची मालमत्ता पाच वर्षांत किती वाढली ते तिनं वजाबाकी करून काढलं आणि गप्प झाली. एकावर आंदोलनातले गुन्हे होते, एकावर फसवणुकीचा. दोन्हीला एकाच रकान्यात कसं टाकायचं, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. मग तिनं नोटाबद्दल, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायाबद्दल विचारलं. २०१३ पासून ते बटण आहे. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभेत त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिनं काय ठरवलंय ते मला माहीत नाही. विचारणारही नाही.

आज १९ तारीख. काल संध्याकाळी सहाला प्रचार थांबला. भोंगे बंद झाल्यावर रस्ता एवढा शांत होतो हे विसरायला झालं होतं. फ्रिजवर चुंबकानं एक कागद लावलाय: केंद्र, खोली, यादी भाग, अनुक्रमांक, तिघांचे. कार्डं देव्हाऱ्याखालच्या खणात एका पाकिटात. लेकीनं सकाळी सहाचा गजर लावलाय, सातला दारं उघडतात.

मावशींना आज आणि उद्याची पगारी सुट्टी दिली आहे. काल रात्रीच्या एसटीनं त्या गेल्या. मगाशी भांडी घासत होते तेव्हा त्यांचा फोन आला, मागं कुत्र्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज.

"ताई, पोचले बघा. शाळंत जाऊन यादी पाहून आले. नाव हाय माझं."